घरच्या कुत्रीला पिल्लं होऊ द्यायची? क्रॉसिंगच्या आधी हे वाचा

‘एकदा तरी पिल्लं होऊ द्या, नाहीतर पुढे तिला त्रास होतो.’ मादी पाळणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकवलं जातं. सोसायटीतले काका ऐकवतात, सकाळी फिरताना भेटणारे लॅब्राडोरवाले ऐकवतात, पेट शॉपवाला तर त्याच दमात एखादा स्टडही, म्हणजे पैदाशीचा नर, सुचवतो. या समजाला वैद्यकीय आधार नाही. उलट नसबंदी न केलेल्या मादीला वय वाढेल तसा पायोमेट्राचा, म्हणजे गर्भाशयात पू साठण्याचा धोका वाढतो, आणि एक बाळंतपण झालं म्हणून तो टळत नाही. लवकर नसबंदी केलेल्या माद्यांमध्ये स्तनांच्या गाठीही कमी होतात. तेव्हा ‘तिच्या तब्येतीसाठी’ हे कारण यादीतून आधी खोडून टाका.

‘हिच्यासारखंच एक पिल्लू हवं’ हे दुसरं कारण. ते मनापासूनचं असतं, पण हिशेबात बसत नाही. पिल्लाचं निम्मं रक्त बापाचं, आणि हवं असलेल्या एका पिल्लासोबत नको असलेली सहा-सात येतात. तिसरं कारण पैशांचं. तपासण्या, सोनोग्राफी, एक्स-रे, आईचा दुप्पट खुराक, पिल्लांचं जंतनाशक, लस, मायक्रोचिप आणि नशीब फिरलं तर रात्री-अपरात्रीचं सिझर हे सगळं मांडून बघा. शहरात सिझरचं एकट्याचं बिल सहज पाच आकडी होतं. घरच्या एका वेतातून पैसे सुटले असं कोणी सांगितलं, तर त्याने काय काय टाळलं ते विचारा.

मी लॅब्राडोरचं एक वेत फ्लॅटमध्ये वाढवलं आहे. त्यातून एक ठाम मत झालं: क्रॉसिंग, म्हणजे नर-मादीची जोडी लावणं, हा या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात. सुरुवात शेवटाकडून करायला हवी. आधी पिल्लांची घरं, मग कागद, मग तपासण्या, आणि सगळं जुळलं तरच नर.

१. आधी घरं मोजा

लॅबला एका वेळी सहा ते आठ पिल्लं अगदी सहज होतात, कधी दहाही. पग किंवा पॉमला कमी. तुमच्या जातीचा वरचा आकडा धरा आणि तेवढी घरं शोधायला लागा, कुत्री हीटवर, म्हणजे माजावर, यायच्या आधी.

‘आम्हाला एक ठेवा हं’ म्हणणारे दहा जण पहिल्याच आठवड्यात भेटतील. त्यांना घर समजू नका. सातव्या आठवड्यात फोन केला की ‘मुलीची दहावी आहे हो’, ‘घरमालक नाही म्हणतोय’, ‘आम्हाला मेलच हवा होता’, ‘सासूबाईंना चालत नाही’ अशी उत्तरं येतात. माणसं खोटारडी नसतात, त्यांनी फक्त विचार केलेला नसतो. तो विचार तुम्ही आधीच करायला लावा. घर स्वतःचं की भाड्याचं? दिवसभर घरी कोण असतं? गावाला गेल्यावर कुत्रं कुठे ठेवणार? आधी कुत्रं होतं का, असेल तर त्याचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘मोठा झाल्यावर फार्महाउसवर सोडला’ असं आलं तर ते नाव यादीतून काढा.

माझा निकष साधा आहे. अपेक्षित पिल्लांपैकी निम्म्याहून जास्त घरं पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं नाही. पक्कं म्हणजे घरातल्या सगळ्यांशी बोलणं झालेलं. आणि घरच्यांना आणखी एक प्रश्न विचारा: दोन पिल्लं कोणीच नेली नाहीत, किंवा सहा महिन्यांनी परत आली, तर ती आपल्याकडे राहतील का? उत्तर ‘नाही’ असेल तर इथेच थांबलेलं बरं. शहरातल्या एखाद्या प्राण्यांच्या निवाऱ्यात चक्कर मारून या. गावठी कुत्र्यांच्या रांगेत लॅब, पग, हस्की बसलेले दिसतील. त्यातले बरेचसे असेच कुणाच्या तरी हौसेचे असतात.

२. कायदा आणि कागद

भारतात कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे नियम आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली ते केले गेले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. ब्रीडरच्या व्याख्येत एकटीदुकटी व्यक्तीही येते, त्यामुळे ‘आमचं काय, घरचंच कुत्रं’ ही सबब चालत नाही. पिल्लं विकणार असाल तर आधी जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात जाऊन अर्जाची चौकशी करा.

नियमांतल्या कामाच्या गोष्टी अशा. मादी किमान १८ महिन्यांची हवी. क्रॉसिंगपूर्वी पशुवैद्यकाने ती निरोगी असल्याचा दाखला द्यायला हवा. वर्षातून एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत, आणि आठ वर्षांनंतर बंद. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि विकण्याआधी मायक्रोचिप बसवावी लागते.

हे कागद जमवा:

- आईचं लसीकरणाचं पुस्तक, रेबीजची नोंद चालू वर्षाची
- महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा पाळीव कुत्र्याचा परवाना
- मायक्रोचिप क्रमांक
- पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला आणि सगळे तपासणी अहवाल
- दोन्ही पालकांचे केनेल क्लबचे कागद, असतील तर
- नराच्या मालकाशी झालेला लेखी करार

केसीआयच्या, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदांबद्दल मोठा घोळ असतो. आई-बाप दोघंही नोंदणीकृत असतील तरच पिल्लांच्या वेताची नोंद होते. ‘पेपर नंतर करून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि हा कागद वंशावळीचा असतो, तब्येतीचा नाही. खुबे निखळलेल्या कुत्र्यालाही केसीआयचे पेपर असू शकतात. राज्य मंडळाची नोंदणी ही तिसरीच गोष्ट, तिचा केसीआयशी संबंध नाही.

रॉटवायलर, पिटबुल वगैरे पाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींची आयात, विक्री आणि पैदास थांबवायला सांगणारं पत्रक राज्यांना पाठवलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच एप्रिलमध्ये ते रद्द केलं. तरी काही महापालिका आणि सोसायट्या अजून त्या यादीवर बोट ठेवतात. स्थानिक स्थिती विचारूनच पुढे जा.

३. आपली कुत्री आई होण्याजोगी आहे का?

हा प्रश्न प्रेमाने विचारला की उत्तर नेहमी ‘हो’ येतं. म्हणून तो डॉक्टरांना विचारा.

आधी स्वभाव. अनोळखी माणसाला बघून पलंगाखाली जाणारी, फटाक्यांना थरथरणारी किंवा दात दाखवणारी कुत्री तुमची लाडकी असेल, पण भित्रेपणा आणि चिडकेपणा काही प्रमाणात पिल्लांत उतरतो. शिवाय पिल्लं पहिले आठ आठवडे आईकडे बघूनच जग शिकतात.

मग तपासण्या. इथे जातीप्रमाणे फरक पडतो.

लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड: खुब्याचा एक्स-रे. हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, बाहेरून दिसत नाही. दुडूदुडू पळणाऱ्या कुत्रीचाही खुबा उथळ असू शकतो. हा एक्स-रे झोपेचं इंजेक्शन देऊन, पाय सरळ ताणून काढावा लागतो. उभ्या उभ्या काढलेली फिल्म निरुपयोगी. अमेरिकेतली ओएफए ही संस्था दोन वर्षांआधी अंतिम श्रेणी देत नाही. म्हणून कायदा १८ महिने म्हणत असला तरी मोठ्या जातीसाठी मी दोन वर्षंच सांगेन. लॅब्राडोरमध्ये हळूहळू आंधळेपणा आणणाऱ्या पीआरएची आणि पळताना पाय गळणाऱ्या ईआयसीची जनुकीय तपासणीही असते. ती गालाच्या आतल्या स्वॅबवरून होते. आई-बाप दोघंही वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुक बाळगणारे) असतील तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक.

डॉबरमन: हृदयाचा इको, आणि रक्त न गोठण्याच्या फॉन विलब्रांड आजाराची तपासणी.

पग, फ्रेंच बुलडॉग, बुलडॉग: यांच्याबाबत माझं मत कडक आहे. चपटं नाक, अरुंद श्वासनलिका, मोठं डोकं आणि लहान कंबर. बुलडॉगांची बाळंतपणं बहुतेक सिझरनेच होतात. तुमची पग पायऱ्या चढून धापा टाकत असेल, झोपेत घोरत असेल, तर तोच श्वास पिल्लांना देऊ नका.

रंगांच्या मागे लागणाऱ्यांनी मर्लपासून, म्हणजे फिकट अंगावर गडद डागांच्या रंगापासून, सावध राहावं. दोन मर्ल रंगाच्या कुत्र्यांचं क्रॉसिंग केलं तर बहिरी किंवा आंधळी पिल्लं होऊ शकतात. डॅशुंडमध्ये याच रंगाला डॅपल म्हणतात.

जात कुठलीही असो, रक्ताची साधी तपासणी करताना गोचीडतापाची, म्हणजे अर्लिकिया आणि बबेसियाची चाचणी करून घ्या. आपल्याकडे हे आजार सर्रास असतात, आणि कुत्री वरून ठणठणीत दिसते. गाभणपणात प्लेटलेट घसरले की काय होतं, ते अनुभवायची गरज नाही. जंतनाशक आणि लसही हीटच्या आधीच उरकून घ्या.

खर्च जास्त वाटत असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने बघा. राज्यात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे ती आहेत. रांग लागते, पण स्त्रीरोग आणि क्ष-किरण विभाग एकाच आवारात मिळतात.

४. नर निवडताना

‘मेल एकदम हेवी आहे’ हा निकष नाही. आईला झालेल्याच तपासण्या बापालाही झालेल्या हव्यात, आणि अहवाल डोळ्यांनी बघायला हवेत. व्हॉट्सअॅपवरचा फोटो चालणार नाही. दोघांच्या तीन-चार पिढ्या ताडून पाहा. एकाच शहरातल्या त्याच त्या दोन-तीन स्टडची पिल्लं सगळीकडे पसरलेली असतात, आणि नकळत काका-पुतणीचं लग्न लागतं.

दोन संसर्ग विसरू नका. ब्रुसेला कॅनिस हा गर्भपात घडवणारा जिवाणू क्रॉसिंगमधून पसरतो, आणि तो माणसालाही लागू शकतो. रक्त तपासणी दोघांचीही. दुसरा टीव्हीटी, म्हणजे जननेंद्रियावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढणारी, सहज रक्त येणारी गाठ. आपल्याकडे मोकाट कुत्र्यांमुळे ती भरपूर दिसते. केमोथेरपीने बहुतेक वेळा बरी होते, पण तुमच्या कुत्रीला ती का व्हावी? नराची तपासणी डॉक्टरांसमोर करून घ्या.

नर पाळणाऱ्यांसाठीही दोन शब्द. ‘बिचाऱ्याला एकदा तरी’ ही दया माणसाच्या मनातली. कुत्र्याला एकदा सवय लागली की घरात तंगडी वर करणं आणि हीटचा वास आला की गेटबाहेर धूम ठोकणं वाढू शकतं.

पैशाचं आधी लिहून ठेवा. नराचा मालक फी घेणार की पिक पपी, म्हणजे वेतातलं पसंतीचं एक पिल्लू? पिक असेल तर पहिली निवड कोणाची? एकच पिल्लू झालं तर? गर्भ राहिला नाही तर पुढच्या हीटला फुकट क्रॉसिंग मिळणार का? मैत्रीत हे विचारायला लाज वाटते, आणि मग त्याच मैत्रीची वाट लागते.

५. दिवस ठरवणं

पहिल्या हीटला अजिबात नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या हीटपर्यंत थांबा. हीट साधारण सहा-सात महिन्यांनी येते, आणि पहिला रक्ताचा थेंब दिसला तो दिवस पहिला.

सर्वसाधारण समज असा की दहाव्या ते चौदाव्या दिवसात क्रॉसिंग करायचं. सरासरी म्हणून ते ठीक, पण कुत्र्या सरासरीप्रमाणे वागत नाहीत. कुणी आठव्या दिवशी तयार होते, कुणी अठराव्या. त्यासाठी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची रक्त तपासणी आहे. सहाव्या-सातव्या दिवसापासून एक दिवसाआड करतात. काही डॉक्टर नमुना माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाठवतात. पातळी ५ नॅनोग्रॅमच्या आसपास गेली की अंडी सुटतात, पण कुत्रीत ती पक्व व्हायला आणखी दोन दिवस लागतात. म्हणजे खरा मोका त्यानंतरचा. या तपासणीचा दुसरा फायदा मोठा आहे: बाळंतपणाची तारीख जवळजवळ नेमकी कळते, कारण अंडी सुटल्यापासून साधारण ६३ दिवस. नुसत्या क्रॉसिंगपासून मोजलं तर ५७ ते ७२ दिवस इतकी ओढाताण होते.

क्रॉसिंगच्या वेळी दोघं एकमेकांत अडकतात. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत हे चालू शकतं. घाबरून ओढू नका, पाणी मारू नका. दोघांचे पट्टे धरून शांत उभं राहा.

इथला सापळा म्हणजे, क्रॉसिंग झालं म्हणजे हीट संपली असं नाही. ती अजून काही दिवस दुसऱ्या नरालाही जवळ घेईल, आणि एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. गल्लीतला काळू खालच्या गेटशी तीन दिवस बसून असतो तो उगाच नाही. तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत पट्टा सुटता कामा नये, गच्चीवरसुद्धा. चुकून काही झालंच तर माणसांच्या गोळ्या देऊ नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

६. ६३ दिवस

सोनोग्राफी २५ ते ३० दिवसांत. तिथे गर्भ आहे की नाही आणि ठोके कळतात, नेमकी संख्या नाही. संख्येसाठी ५५ व्या दिवसानंतर एक्स-रे. तो टाळू नका. आत आठ आहेत हे माहीत असेल तरच सातव्यानंतर ‘झालं वाटतं’ म्हणून झोपायला जाणार नाही.

पहिल्या चार-पाच आठवड्यांत खाणं नेहमीचंच. नंतर हळूहळू वाढवा, पिल्लांसाठी मिळणाऱ्या खाद्यावर आणा, दिवसातून चार वेळा थोडं थोडं.

आणि कॅल्शियमची बाटली बाजूला ठेवा. गाभण आहे म्हणून सगळे ती आणून देतात. गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायची सवय विसरतं, आणि दूध सुरू झाल्यावर रक्तातलं कॅल्शियम अचानक कोसळू शकतं. डॉक्टरांनी सांगितलं तरच, सांगतील तेव्हाच. बाळंतिणीला म्हणून शिरा, लाडू देणाऱ्या आज्यांनाही आवरा. त्यातला बेदाणा कुत्र्याला विषारी असतो.

७. जागा आणि सामान

घरातला शांत कोपरा, ये-जा नसलेला. लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याची पेटी, आई आडवी पाय ताणून झोपेल एवढी. आतून चारी बाजूंना तळापासून चार-पाच इंचांवर एक दांडी किंवा पट्टी ठोका. आई भिंतीला टेकून बसली तर पिल्लू त्या फटीत वाचतं. नाहीतर चिरडतं.

खाली गोधडी किंवा जुनी साडी घालायचा मोह होतो. साडीच्या घडीत पिल्लू गुरफटतं आणि आवाजही येत नाही. घट्ट ताणून बसवलेली चादर किंवा वर्तमानपत्रांचे थर बरे. पहिल्या रात्री इतकं हिरवट-काळं पाणी जातं की जे घालाल ते फेकूनच द्यावं लागतं. पावसाळ्यात वेत असेल तर चादरी वाळत नाहीत, दुप्पट ठेवा.

- डिजिटल थर्मामीटर
- ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा
- हातमोजे, स्वच्छ टॉवेल भरपूर
- उकळलेली कात्री, जाड दोरा, पोव्हिडोन आयोडीन
- नाकातला चिकटा ओढायचा रबरी फुगा
- वेगवेगळ्या रंगांची लोकर, पिल्लं ओळखायला
- पिल्लांची दूध पावडर आणि बाटली
- उष्णतेचा बल्ब, आणि वीज गेली तर गरम पाण्याच्या पिशव्या
- रात्री उघड्या असणाऱ्या दोन दवाखान्यांचे नंबर, आणि गाडी

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधीच विचारा: रात्री दोन वाजता सिझर लागलं तर तुम्ही याल का, नसाल तर कुठे जाऊ? तालुक्याच्या गावी हे उत्तर ‘जिल्ह्याला’ असं असेल, तर रस्ता किती तासांचा ते धरूनच पुढचे निर्णय घ्या. कारवान किंवा पश्मी पाळणाऱ्यांनी डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी. अंगावर चरबी नसलेल्या या शिकारी कुत्र्यांना भुलीची काही औषधं जड जातात.

८. बाळंतपण

५७ व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. एरवी १०१-१०२ फॅरनहाइट असतो. तो ९९ च्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. खाणं सोडते, धापा टाकते, पेपर फाडून उकरते, तुमच्या मागे मागे फिरते. ही पहिली अवस्था सहा ते बारा तास चालते, कधी जास्तही.

मग पोट आवळून जोर देते आणि पिल्लू येतं, बहुधा पिशवीत. आईच पिशवी फाडते, नाळ तोडते, चाटून रडवते. तिने ते केलं तर तुम्ही हात लावू नका. पहिलटकरीण गोंधळून बघत बसली तर मात्र पिशवी तोंडाकडून फाडा, नाक-तोंड पुसा, टॉवेलने पाठीवरून जोरात चोळा. पिल्लाला पायाला धरून झटके देऊ नका. नाळ अंगापासून इंचभर सोडून दोऱ्याने बांधा, पलीकडे कापा, आयोडीन लावा. प्रत्येक पिल्लामागे एक वार पडायला हवी. मोजत राहा. आईने एखाद-दुसरी खाल्ली तर काही बिघडत नाही.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर गाडी काढा:

- जोराच्या कळा अर्धा तास चालू, पण पिल्लू नाही
- आत पिल्लं आहेत हे माहीत असून दोन तास काहीच नाही
- पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवा-काळा स्राव
- पिल्लू अर्धवट बाहेर येऊन अडकलेलं
- ताप उतरून चोवीस तास झाले तरी कळा नाहीत

आणि एक धोक्याची सूचना. कळा थंडावल्या की कुणीतरी ‘कळांचं इंजेक्शन’ घेऊन येतो. पिल्लू आडवं अडकलेलं असताना ऑक्सिटोसिन टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ते देऊ देऊ नका, मग इंजेक्शन आणणारा कितीही अनुभवी असो.

९. पहिले आठ आठवडे

नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात पेटीत तीस अंशांच्या आसपास ऊब हवी. बल्ब एकाच कोपऱ्यावर लावा, म्हणजे गरम झालं तर पिल्लं सरकतील. ढीग करून कुंथत असतील तर थंडी वाजते आहे, लांब लांब पसरली असतील तर उकडतं आहे. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, दूध नंतर. थंड पोटात दूध पचत नाही. बाटलीने पाजताना पिल्लू पोटावर, माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. गाईचं दूध पुरत नाही, कुत्रीचं दूध त्याहून खूप दाट असतं.

पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडात चीक गेला का ते बघा. मग रोज, एकाच वेळी, वजन. आमच्याकडे लाल लोकरवाली पहिल्या दिवशी सगळ्यांत जड होती. तिसऱ्या दिवशी ती बारा ग्रॅमने उतरली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, काट्याला दिसलं. तिला रोज मागच्या भरलेल्या आचळाला आधी लावायला सुरुवात केली आणि दोन दिवसांत ती मार्गी लागली. वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवं. सलग दोन दिवस वाढ नसेल तर डॉक्टर.

आईकडेही लक्ष ठेवा. आचळ लाल, गरम, दगडासारखं झालं तर स्तनदाह. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात ती विनाकारण धापा टाकू लागली, थरथरली, पाय ताठ झाले तर ते कॅल्शियम कोसळणं. लहान जातींत जास्त दिसतं. पिल्लं बाजूला करा आणि ताबडतोब निघा, सकाळची वाट बघू नका.

बघायला येणारे लोक बारशाला आल्यासारखे येतात. चपला दाराबाहेर, हात धुऊन, आणि पहिले तीन आठवडे शक्यतो कोणीच नाही. पार्व्हो हा विषाणू चपलेच्या तळव्यावरून घरात येतो, आणि अख्खं वेत आठवड्यात नेऊ शकतो.

दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंतनाशक, आईलाही. तीन-चार आठवड्यांपासून मऊ खाणं. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस. रेबीजची तीन महिन्यांनंतर, म्हणजे ती नव्या मालकाने द्यायची. ते त्याच्या पुस्तकात पेन्सिलने लिहून द्या. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लांना आवाजांची सवय लावा: कुकरची शिट्टी, मिक्सर, डोअरबेल, स्कूटर. हे दिवस गेले की परत येत नाहीत.

हा काळ नोकरी सांभाळून एकट्याने होत नाही. चौथ्या आठवड्यानंतर आठ पिल्लं दिवसातून किती वेळा घाण करतात त्याचा अंदाज कोणालाच नसतो. घरात दिवसा कोणीतरी हवं, नाहीतर रजा हवी.

१०. पिल्लू देताना आणि त्यानंतर

आठ आठवड्यांआधी नाही, कितीही गोड बोलले तरी. वाढदिवसाची भेट म्हणून, परस्पर, कुरिअर किंवा बसने नाही. न्यायला घरातलं मोठं माणूस यायला हवं. सोबत लसीचं पुस्तक, जंतनाशकाच्या तारखा, मायक्रोचिप क्रमांक, चालू खाण्याची आठवडाभराची पिशवी, आणि आईच्या वासाचा एक कापडाचा तुकडा द्या. लेखी घ्या: सांभाळता आलं नाही तर पिल्लू तुमच्याकडेच परत येईल, आणि योग्य वयात नसबंदी केली जाईल.

आईचं दूध आटायला वेळ द्या. पिल्लं एकदम काढून घेऊ नका, दोन-तीन दिवसांच्या अंतराने जाऊ देत. दूध पूर्ण आटलं की काही आठवड्यांनी तिची नसबंदी करून घेता येते. तारीख डॉक्टरांसोबत आधीच ठरवून ठेवा, नाहीतर पुढची हीट दारात येते आणि काळू पुन्हा गेटशी.

नव्या मालकांचे फोन नंबर, प्रत्येक पिल्लाचा चिप क्रमांक आणि तपासणी अहवाल एका फायलीत ठेवा. दोन वर्षांनी एखाद्या पिल्लाच्या खुब्यात किंवा डोळ्यांत दोष निघाला तर बाकीच्या सगळ्या मालकांना आणि नराच्या मालकालाही त्याच आठवड्यात कळवा. त्यांच्या पिल्लांची तपासणी वेळेत होईल, आणि त्या नराचं पुढचं क्रॉसिंग थांबेल.